तोल काय असतो ते मला विचारा

३ नोव्हेंबर
बायको, छाया, परत अंगणात पडली. पाळी गेल्यापासून हाडं ठिसूळ झालीत, पाठही वाकत चाललीय, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं. भोरला फिजिओथेरपीला पाठवलंय. माझ्या मते गरज नव्हती. बाहेर जाताना ती माझा दंड धरते आणि मी भक्कम आहे. शिवाय तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. घाटात दोन्ही हात सोडून तिकिटं फाडलीत. तोल काय असतो ते मला विचारा.

४ नोव्हेंबर, रात्री आठ
उद्यापासून सहाला उठून मीच तिला शिकवणार.

५ नोव्हेंबर, सकाळी साडेआठ
थंडी फार. मी उठेतोवर ती ओट्याला धरून एका पायावर उभी राहून मोकळी झाली होती.

१२ नोव्हेंबर
स्वरूप म्हणतो हनुवटी आत घ्या. स्वरूप म्हणतो खांदे मागं. स्वरूप म्हणजे तो फिजिओथेरपिस्ट. चौतीस वर्षांच्या संसारात माझं नाव तिनं असं कधी घेतलं नाही. बोलून दाखवलं. तर म्हणाली, तुमचं नाव घ्यायला उखाणा लागतो, त्याचं घ्यायला लागत न्हाई. वर म्हणाली, तुमी जळताय. मी जळत नाही. फक्त जेवलो नाही.

२० नोव्हेंबर
सोबत गेलो. पोरगा पंचविशीतला, दिसायला बरा, मान्य. तिला डोळे मिटून उभं केलं आणि स्वतः हात पसरून शेजारी. ती हसत होती. माझ्यासमोर इतकी हसलेली आठवत नाही.
माझा अनुभव त्याच्या कानावर घातला. म्हणाला, या काका, दाखवा. एका पायावर उभा राहिलो. फरशी गुळगुळीत होती. शिवाय डावीकडे सीट असते, ती नव्हती. मला उठवताना त्यानं हळूच विचारलं, बसमध्ये कंबर सीटला टेकवायचात का. सगळेच टेकवतात.

२१ नोव्हेंबर
मीही व्यायाम सुरू करणार. गुडघ्याची सूज उतरली की लगेच.

१४ डिसेंबर
वेल्ह्याला बारशाला गेलो. एसटीतून उतरल्यावर सवयीनं दंड पुढं केला. ऱ्हाऊ द्या म्हणाली आणि पुढं निघाली. ताठ. ती माझ्यापेक्षा उंच आहे हे मी विसरूनच गेलो होतो.
येताना गाडीत एकच जागा. मला म्हणाली, तुमी बसा, तुमी पडाल. सगळ्यांनी ऐकलं, कंडक्टरनंसुद्धा. बसलो. ती दांडा धरून शेजारी उभी. वळण आलं की तिला कंबर टेकवता यावी म्हणून मी खांदा पुढं करत होतो. नसरापूर आलं तरी टेकली नाही.