बर्नार्ड जेवला

तीर्थस्वरूप एनिडवन्सं यांसी,

ग्रिम्सबीहून बेरिलचा सादर नमस्कार. आपल्या गुडघ्याची सूज आणि आपला राग, दोन्ही एव्हाना उतरले असतील अशी आशा करते. मी ठणठणीत आहे. बोटाला चावा आहे, पण त्याचं पुढे येईलच.

पत्रास कारण की, बर्नार्ड जेवला. हो, तोच, तुमच्या भावाचा लाडका अजगर. सेड्रिकला मूठमाती देऊन आल्यावर सगळ्या पाहुण्यांदेखत तुम्ही म्हणाला होतात, "बिचारा बर्नार्ड! आता तोही सेड्रिकच्या मागोमाग जाणार. बेरिलच्या हातचं कोण खातंय!" आणि ईस्टरपर्यंत तो जेवला नाही, तर त्याला लिंकनला आपल्या घरी घेऊन जाईन, असंही बजावलंत. मी तेव्हा सँडविचची थाळी फिरवत होते, म्हणून गप्प राहिले. (हातात थाळी असली की माणसानं बोलू नये, आणि थाळी फेकूही नये.)

खरं सांगायचं तर, उभ्या संसारात मी त्या काचेच्या पेटीकडे पाठ करूनच बसले. त्याचं खाणंपिणं सेड्रिककडे; "हात धुतलेस का?" एवढंच माझ्याकडे. पण दवाखान्यात शेवटी शेवटी माझा हात धरून तो म्हणाला, "बर्नार्डला उपाशी ठेवू नकोस गं." (मला वाटलं होतं, माझ्याबद्दल काहीतरी बोलेल. असो.) तेव्हा मी बाजारातल्या डॅरनच्या दुकानात गेले. मानेवर पाल गोंदवलेला हा गृहस्थ बर्फात गोठवलेले उंदीर विकतो. मी म्हटलं, "जिवंत द्या हो एखादा, ताजं ते ताजं." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याचं पोरच मागितलं! म्हणाला, "आजी, जिवंत उंदीर उलटा सापालाच चावतो. मेलेलाच न्या, आणि चांगला ऊन करून द्या."

पहिला उंदीर मी नुसता बर्फ वितळवून पेटीत ठेवला. बर्नार्डनं त्याच्याकडे, तुम्ही माझ्या पुडिंगकडे बघता तसं बघितलं आणि तोंड फिरवलं. असे कितीतरी उंदीर वाया गेल्यावर मला वाटलं, या डॅरनला काय कळतंय! मागच्या शेडमध्ये पिंजरा लावला, जिवंत उंदीर पकडला आणि पेटीत सोडला. वन्सं, तो मेला बर्नार्डच्या पाठीवर चढला, तिथे बसून त्यानं मिशा साफ केल्या आणि मग त्याची शेपटी कुरतडायला लागला! बर्नार्ड बिचारा वेटोळ्यात डोकं खुपसून गोळा होऊन बसला. मी काही विचार न करता पेटीत हात घातला, चावून घेतलं आणि त्या उंदराला कुंपणापलीकडे, शेजारच्या नोराच्या बागेत पोचवलं. मग बर्नार्डच्या अंगावर हात ठेवला. जन्मात पहिल्यांदा. कोरडं, गुळगुळीत अंग, आणि खाली हाताला सगळ्या बरगड्या लागल्या. मी तिथेच बसून रडले. सेड्रिकच्या दफनाच्या दिवशीही इतकी रडले नव्हते. (तेव्हा थाळी होती.)

उंदराची तक्रार घेऊन नोरा आली, मला रडताना पाहून तक्रार विसरली आणि म्हणाली, "अगं बाई, नुसतं पुढ्यात टाकून कोण खाईल? सेड्रिक तर उंदीर नाचवायचा! मी खिडकीतून बघायचे ना." (नोरा आमच्या खिडकीतून आणखी काय काय बघायची, ते मी सवडीनं विचारणार आहे.) लगेच आम्ही एक उंदीर कोमट पाण्यात ठेवला, केस वाळवायच्या यंत्रानं कोरडा आणि ऊन केला, पडदे ओढले. मी स्वयंपाकघरातल्या लांब चिमट्यात शेपटी धरली आणि त्या मेल्याला (इथे शब्दशः) असा काही नाचवला, की तरुणपणी मला कुणी तसं नाचवलं नाही. "ये रे माझ्या राजा," मी म्हटलं. बर्नार्डची जीभ एकदा लवलवली, दोनदा लवलवली, आणि फाट्! चिमटा माझ्या हातातून उडाला, उंदीर वेटोळ्यात गेला, आणि थोड्या वेळानं शेपूट शेवईसारखी आत ओढली गेली. नोरा आणि मी एकमेकींना मिठी मारून दिवाणखान्यात उड्या मारल्या. मग मी सेड्रिकच्या फोटोला सांगितलं, "जेवला रे."

हा प्रकार ईस्टरच्या आदल्या दिवशीचा. आज सकाळी त्यानं दुसराही गिळला. तेव्हा वन्सं, लिंकनहून पेटी आणायची तसदी घेऊ नये. माझ्या हातचं आवडीनं खाणारं या घरात एक जण आहे.

आपली भावजय,
बेरिल

ता. क. डॅरन सुट्टीवर गेलाय आणि इकडे बर्नार्डची भूक खवळलीय. सेड्रिकचा तो छोटा फ्रीजर तुम्ही आठवण म्हणून नेलात ना, तो खुशाल ठेवा. आतलं बर्नार्डचं सामान मात्र मिळेल त्या बसनं पाठवून द्या.

ता. ता. क. तुम्ही मागच्या पत्रात लिहिलंत, की त्यात तळाशी सेड्रिकच्या अक्षरात 'रविवारचे – मोठे' असं लिहिलेल्या पुड्या सापडल्या, आणि भावाची शेवटची भेट म्हणून त्या न उघडता तुम्ही पाद्रीबुवांच्या रविवारच्या जेवणासाठी राखून ठेवल्यात. वन्सं, न उघडताच पाठवा. आणि हे पत्र पोचेपर्यंत रविवार होऊन गेला असेल, तर पाद्रीबुवा काय म्हणाले, तेवढं मात्र सविस्तर कळवा.