कोऱ्या ठरलेल्या फ्लॉप्या

प्रिय मामा,

पाकिटावर अक्षर आईचं आहे, ही लबाडी आधीच कबूल करते. माझं अक्षर दिसलं तर तू पत्र न फोडताच बाजूला टाकशील असं वाटलं, म्हणून पत्ता तिच्याकडून लिहून घेतला. तिने तो लिहून दिला. संस्थेच्या त्या सभेपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. सभेच्या दिवशी मात्र एकदाच म्हणाली होती, "माझ्या भावाचं चारचौघांत हसं करायला तुला शिकवलं का?" मी तेव्हा तिलाच समजावत बसले की काम वेगळं नि नातं वेगळं. फार शहाणी होते मी.

तू काम सोडून गेल्यावर पाचव्या दिवशी तुझा जुना कॉम्प्युटर बंद पडला. सकाळी बटण दाबलं, पंखा फिरला आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली: सिस्टिम डिस्क नाही, डिस्क घाला आणि कोणतीही कळ दाबा. सगळ्या कळा दाबून झाल्या. आपला ब्रेल प्रिंटर नव्या कॉम्प्युटरला जुमानत नाही हे तुला माहीतच आहे, त्यामुळे तोही शेजारी मुकाट उभा. अकरा अंध मुलांची परीक्षा तीन आठवड्यांवर आणि भूमितीचं पुस्तक अर्धंच छापून झालेलं. छापलेली पानं बोटांनी तपासायला आक्का रोज वेळेवर यायच्या आणि काम नाही म्हटल्यावर टेबलावरच बोटं फिरवत बसायच्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, हे टेबल मी दोनदा वाचून काढलं, गोष्ट काही पुढे सरकत नाही.

मला वाटलं, बूट फ्लॉपी करायची आणि मशीन तिच्यावरून चालू करायचं, त्यात काय एवढं. पहिल्या फ्लॉपीवर सिस्टिमच्या फाइली मी नुसत्या कॉपी केल्या आणि फसले. त्यातल्या दोन फाइली लपलेल्या असतात आणि त्यांना ठरलेल्या जागीच बसवावं लागतं, हे मला पुस्तकातून शोधावं लागलं. तुला ते पाठ असणार. दुसरी फ्लॉपी रीतसर केली, ऑफिसच्या लॅपटॉपला बाहेरून जोडायचा नवा फ्लॉपी ड्राइव्ह लावून. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे एक जुना कॉम्प्युटर आहे, त्यावर ती झटक्यात चालली. आपल्याकडे आणून घातली, तर खर्र खर्र आवाज आणि पुन्हा तीच ओळ. अशा पाच फ्लॉप्या केल्या. पाचही त्याच्याकडे चालायच्या आणि आपल्याकडे रुसायच्या. मी ड्राइव्हलाच दोष देत होते. जुना झालाय, टाकून द्यायला हवा, असं आक्कांना ऐकवतही होते. त्या एवढंच म्हणाल्या, तुझी टाकायची यादी फार लवकर तयार होते बाई.

शेवटी दुरुस्तीवाला स्वतः आला. वाकून आवाज ऐकला आणि विचारलं, या मशीनवर लिहिलेल्या फ्लॉप्या दुसरीकडे वाचता येतात का? मी म्हटलं, नाही, त्या कोऱ्या आहेत. तो हसला. म्हणाला, कोऱ्या कशा असतील? ड्राइव्हचं हेड, म्हणजे लिहिणारं-वाचणारं टोक, केसभर सरकलंय. वर्षानुवर्षं हळूहळू सरकलं असणार, वापरणाऱ्याला कळतही नाही. ते आपल्याच वाटेने लिहितं आणि आपल्याच वाटेने वाचतं. दुसऱ्या ड्राइव्हला त्या वाटेवर काहीच दिसत नाही, तो सरळ सांगतो की फ्लॉपी फॉरमॅट केलेली नाही. आणि दुसऱ्याने लिहिलेलं याला दिसत नाही.

मामा, मला तिथेच आपली ती सभा आठवली. 

सभेत तू एकच वाक्य बोलला होतास: "माझ्या मशीनवर लावून बघा." दोन मिनिटांचं काम होतं. मशीन भिंतीपलीकडे होतं, चालू होतं. आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मशीन बदललं म्हणून कोरी फ्लॉपी भरत नाही." सगळे हसले. खरं सांगते, ते हसले तेव्हा मला बरं वाटलं. घरातली पहिली पदवीधर मी, पहिली नोकरी, पहिला अहवाल. सगळी जुनी पुस्तकं नव्या कॉम्प्युटरवर आणायची, कुठल्याही मुलाला पुस्तकावाचून थांबावं लागू नये, एवढंच डोक्यात होतं. तुझ्या एक्केचाळीस फ्लॉप्या लॅपटॉपवर कोऱ्या निघाल्या तेव्हा काम झालेलंच नाही असं मी अहवालात लिहिलं आणि मला वाटलं, मी सत्याच्या बाजूने उभी आहे, समोर सख्खा मामा असला तरी. आक्का त्या दिवशी म्हणाल्याही होत्या की त्यांनी तुझी पुस्तकं पानापानाने वाचली आहेत, कोरा कागद तू त्यांना कधी दिला नाहीस. अध्यक्षांनी ते हसण्यावारी नेलं आणि मी गप्प राहिले. तू फ्लॉप्यांच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवलीस आणि बावीस वर्षांचं काम सोडून निघून गेलास. कॉलेजचा अर्ज कसा भरायचा हे घरात कुणालाच कळत नव्हतं, तेव्हा तो माझ्या शेजारी बसून तूच भरून घेतला होतास. हे मला त्या दिवशी आठवायला हवं होतं.

उपाय दुरुस्तीवाल्यानेच सांगितला. म्हणाला, याला सरळ करायला जाऊ नका, सरळ केलात तर याचं जुनं लिखाण यालाच वाचता येणार नाही. आम्ही तुझा ड्राइव्ह काढला, त्याच्या दुकानात नेला, तिथल्या जुन्या कॉम्प्युटरला जोडला आणि बूट फ्लॉपी त्याच ड्राइव्हकडून लिहून घेतली. परत आणून बसवला. या वेळी खर्र आवाज एकदाच आला आणि पडद्यावर 'ए' उमटला, म्हणजे मशीन चालू झालं. आतली डिस्कही शाबूत होती, तिच्यावर अर्धी भूमिती तेवढी होती; तिला फक्त स्वतःहून उठता येत नव्हतं. भूमिती त्याच दुपारी सुरू झाली आणि परीक्षेच्या चार दिवस आधी अकरा प्रती मुलांच्या हातात पडल्या.

पण त्या दुपारी भूमितीच्या आधी मी कपाट उघडलं. पहिली फ्लॉपी घातली आणि फाइलींची यादी मागितली. पडदा भरला. इतिहास, धडा एक ते चौदा. प्रत्येक धड्यापुढे आक्कांनी तपासल्याची तारीख, तुझ्या पद्धतीने. दुसरी घातली. तिसरी. संध्याकाळपर्यंत बत्तीस फ्लॉप्या वाचून काढल्या. एकही कोरी नव्हती.

उरलेल्या नऊ फ्लॉप्यांबद्दल मी अहवालात लिहिलं नव्हतं आणि दुरुस्तीवाला नि आक्का सोडून आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तपासताना फ्लॉप्या हाताला येतील तशा घेत होते आणि लॅपटॉप प्रत्येक वेळी विचारायचा, ही फ्लॉपी फॉरमॅट केलेली नाही, करू का? पहिल्या नऊ वेळा मी 'हो' म्हटलं. कोऱ्याच आहेत तर पुन्हा वापरता येतील, असा विचार केला. दहाव्या वेळी जेवायची घंटा झाली म्हणून उठले. परत आल्यावर कंटाळून 'नाही' म्हणत गेले. बत्तीस पुस्तकं वाचली ती माझ्या कंटाळ्यामुळे. पुसलेल्या नऊंतलं काही परत मिळतं का, हे दुरुस्तीवाल्याने दोन दिवस खटपट करून पाहिलं. नाही मिळालं.

उद्या सभा आहे. अध्यक्षांचं म्हणणं, फ्लॉप्या सापडल्या ना, मग 'तांत्रिक अडचण' एवढंच लिहू, जुनं कशाला उकरायचं, तुझी तर आता सुरुवात आहे. मी नाही म्हटलं. माझं निवेदन लिहून ठेवलंय. तू काय म्हणालास, मी काय उत्तर दिलं आणि कोणाचं खरं निघालं, हे मी स्वतः वाचणार आहे, नऊ फ्लॉप्यांसकट. नोकरी राहील की नाही ठाऊक नाही. पण ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुझ्या कानावर जाऊ नये, म्हणून आधी तुला. आणि एक मागणं आहे, ते करायचा हक्क मला उरलेला नाही, तरी करते. तू लेबलांवर फक्त नंबर लिहायचास. कुठल्या नंबरात कुठलं पुस्तक हे तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. नावं कळली तर मुलांच्या घरोघरी गेलेल्या छापील प्रती शोधता येतील. आक्का वाचून दाखवायला तयार आहेत, मी टाइप करीन, कितीही महिने लागोत. पुसलेले नंबर असे: तीन, चार, आठ, अकरा, बारा, एकोणीस, सव्वीस, तीस, एकोणचाळीस. माझ्याशी बोलावंसं वाटत नसेल तर बोलू नकोस, नुसती नऊ नावं एका कागदावर लिहून आईकडे दे.

तुझीच,
भाची