हळदीच्या आदल्या दिवशी नेलेली मोटर

आमच्या बबनकाकांना, दुसऱ्या गल्लीतल्या रेखाचा नमस्कार.

काल तुमचा तेरावा झाला. जेवणं उरकल्यावर काकूंनी मला मागच्या दारी नेऊन एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून मला तुमच्याशी भांडायचंय. तुम्ही गेलात म्हणून काय झालं? पत्रातही भांडता येतं.

पण आधी माझी जुनी तक्रार. तुम्ही माझ्या हळदीचं पाणी तोडलंत, आठवतंय का?

आपल्या वस्तीत पाणी दिवसाआड आणि ते सोडणारे तुम्ही, महापालिकेचे व्हॉल्व्हमन. खांद्यावर लांबलचक लोखंडी चावी, तोंडात सुपारी. गुरुजींनी कार्याची तारीख काढली की ती आधी तुम्हाला दाखवायची, ही इथली रीत. पत्रिका पहिली गणपतीला, दुसरी तुम्हाला. तुम्ही बोटं मोजून सांगायचात, "व्हय, पान्याचा दिस हाय. धरा." गुरुजी मनातून चरफडायचे, पण त्यांच्या मुलीची तारीखही तुम्हीच पक्की केलीत ना?

आमचे अण्णा लातूरकडचे, कंपनीत मोजमाप तपासणीला. हिशेबात आपला हात कोण धरणार, असा तोरा. "सम तारखेला आपलं पाणी. त्यात काय इचारायचंय?" म्हणाले आणि जूनमधली सम तारीख धरून मोकळे झाले. मधला मे महिना एकतीस दिवसांचा, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. जूनमध्ये पाणी विषम तारखांवर सरकलं आणि माझी हळद बरोबर कोरड्या दिवशी आली.

मग आदल्या दिवशी अण्णांनी नळाला मोटर लावली. पिंपं भरायला लागली आणि शेवटच्या गल्लीत नळाची धार करंगळीएवढी झाली. तुम्ही पाइपाला कान लावत लावत थेट आमच्या मोरीत.

"काढा ती मोटर."

"बबनराव, लेकीची हळद हाय उद्या."

"शेवटच्या गल्लीत बी लेकी हायत की."

मोटर बगलेत मारून तुम्ही निघालात. वर ओढून घेतलेलं पाणीही त्या गल्लीतल्या बायकांना बोलावून वाटून टाकलंत! मी रडून घर डोक्यावर घेतलं. तुम्हाला काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दारात हंडेच हंडे. घरटी एक हंडा, असं सांगत तुम्ही वस्तीभर फिरला होतात. सगळ्यात आधी हंडे आले ते शेवटच्या गल्लीतून. अण्णांची मान वर होईना आणि तुम्ही मात्र पंगतीत अकरा जिलब्या हाणल्यात. तेवढी हसरी हळद मी पुन्हा पाहिली नाही.

आता कालची गोष्ट. माझ्या लग्नानंतर काही वर्षांनी आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली आणि अण्णांनी दुसरी मोटर आणली. गोणपाटात गुंडाळून, आवाज येऊ नये अशी. दीड वर्ष, आई जाईपर्यंत, ती चालली. मी सासरहून, रावेतहून, आईचं करायला यायची, तेव्हा तुम्हाला दारात चहा द्यायची आणि मनात म्हणायची, बघा कसं फसवलं. तुम्ही चहा पिऊन, "वहिनींना बरं हाय का?" एवढंच विचारायचात.

काल काकू म्हणाल्या, "अगं, त्येंना पयल्या दिसापास्नं ठावं हुतं. म्हनायचे, त्या माउलीचं अंग पुसाया पानी लागतंय, न्हाई काढायची मोटर. पन शेवटच्या गल्लीनं काय पाप केलंय? म्हून पान्याच्या दिशी अर्धा तास आदी उठून तिकडचा व्हॉल्व्ह पयला सोडायचे. दीड वरीस."

का नाही बोललात, काका? एकदा दारात उभं राहून ओरडला असतात, तर आम्हीही ओरडलो असतो आणि विषय संपला असता. असं गुपचूप आमचं ओझं उचलायचं हा कुठला न्याय? फार राग आलाय मला तुमचा. आणि इतकं प्रेम वाटतंय की काल घरी परतताना बसमध्ये एकटीच हसत होते.

आज सकाळी अण्णांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "उद्या पाण्याचा दिवस हाय. समदे नळावर असतील." मी लगेच कॅलेंडर काढून तारीख तपासली. या वेळी बरोबर निघाली.

तर वचन देते. उद्या आम्ही बापलेक शेवटच्या गल्लीत जाणार आणि मोटरीची गोष्ट सगळ्यांसमोर सांगणार. त्यांच्यासाठी कोण लवकर उठत होतं, तेही सांगणार. शिव्या बसतील, त्या खाऊ.

तुम्ही मात्र आता खुशाल उशिरा उठा.

तुम्हाला फसवता न आलेली,
रेखा