सरांची परीक्षा

४ फेब्रुवारी
बाबा पडले. विमानासकट! धावपट्टीच्या अलीकडच्या बांधावर. डोक्याला मार लागलाय, शुद्ध नाही. शेजारी बारक्या होता. त्याचा हात मोडला, बाकी धड आहे.

५ फेब्रुवारी
बारक्या म्हणजे बाबांचा सगळ्यात जुना विद्यार्थी. आमच्याच घरी जेवून वाढला, मला ताई म्हणतो. आता मोठा परीक्षक झालाय. बाबांसारख्या विमान शिकवणाऱ्यांना दरवर्षी विमान उडवून दाखवावं लागतं, यंदा ते नेमकं बारक्यालाच दाखवायचं होतं. निघताना बाबा काय खुशीत! "आज पोरगा मला नापास करणार बघ."

फ्लाइंग क्लबात कुजबूज सुरू झालीसुद्धा — वय झालं होतं, ऐकत नव्हते. मेले! चहाला बरे बाबांच्या टेबलाभोवती जमायचे.

७ फेब्रुवारी
शुद्ध नाही.

८ फेब्रुवारी
तपास अधिकारी घरी आल्या. बाई शांत, प्रश्न टोकदार. बाबांना कमी दिसायला लागलं होतं का? झोप? औषधं? आई प्रत्येकाला "नाही हो" म्हणत राहिली, शेवटी नुसतीच मान हलवायला लागली. इंजिन, तारा सगळं तपासून झालंय, विमानात दोष नाही.
"मग चूक कुणाची?" मीच विचारलं.
"विमान कोण चालवत होतं, ते आधी कळू दे."
बाबा चालवत असतील तर आयुष्यभर कमावलेलं नाव मातीत. भीती वाटते. खूप.

१० फेब्रुवारी
बारक्याकडे गेले. हात गळ्यात, नजर जमिनीवर.
"ताई, सर चालवत होते."
अंगाचा तिळपापड झाला! खाल्ल्या घरचे वासे मोजतोस? तसं तोंडावर म्हणाले.
रडायलाच लागला. इंजिन बंद पडलंय असं समजून नुसतं तरंगत उतरायचं, ही परीक्षा. "मी थ्रॉटलवर हात ठेवून बसलो, लागलाच तर इंजिनाला जोर द्यायला. सर इतकं अलगद आणत होते ना! बघतच राहिलो. टेकताना शेवटी विमानाचं नाक वर घेतील म्हणून थांबलो. घेतलंच नाही."
"मग तू का नाही घेतलंस?"
"सरांच्या हातातून काढून घेऊ?"
दार आपटून आले. सोयीचं आहे — बेशुद्ध माणूस उलटून काय बोलणार!

११ फेब्रुवारी
अधिकारीबाईंचा फोन. विमान हातात घेणाऱ्यानं मोठ्यानं "माझ्याकडे" म्हणायचं आणि दुसऱ्यानं "तुझ्याकडे" — मला काय सांगता, त्यावरून बाबा पोरांना फाडून खायचे! शुद्धीवर आले की तेवढंच विचारायचंय म्हणाल्या. विचाराच. बारक्या खोटारडा आहे हे बाबांच्याच तोंडून ऐका.

१४ फेब्रुवारी
बाबांनी डोळे उघडले! पहिला प्रश्न — "पोरगा बरा आहे ना?"
मग हळूहळू, थांबत थांबत, "सुरेख आणत होता गं. त्यानं थ्रॉटलवर हात ठेवला, मी ओळखलं, विमान त्यानं घेतलं, दिलं सोडून. 'माझ्याकडे' म्हणायला मला लाजला असेल. मी बोटसुद्धा लावलं नाही."
तोल नीट जुळवलेलं विमान हात न लावताही तसं तरंगतं. म्हणजे ते कुणीच चालवत नव्हतं. दोघं एकमेकांचं कौतुक करत खाली आले.
बारक्या बाहेर बाकावर बसलाय. त्याला आत कोणत्या तोंडानं बोलावू?