आजारी पडलात तर कोण येईल?

नाना, आक्का रविवारी माझ्याकडे राहायला येते आहे. भाचा नाशिकहून तिच्याकडे धुळ्याला गेला होता, त्यानंच काल फोनवर सांगितलं. तिची पेटी बांधून झाली आहे म्हणे. मेव्हणे गेल्यापासून ती तिथं एकटी, आणि तुमची सून गेल्यापासून मी इथं जळगावला पिंप्राळ्यात एकटा. मुलगी बंगळूरला असते. आम्ही भावंडं दर रविवारी फोनवर एकमेकांना "बरं आहे" एवढं सांगायचो आणि ठेवून द्यायचो.

हे भूतानमुळे झालं म्हटलं तर तुम्ही हसाल. कॉलनीतली सकाळी फिरणारी मंडळी सहलीला निघाली, त्यांनी मला ओढून नेलं. तो देश नफ्यापेक्षा माणसांचं सुख मोजतो, ही बातमी मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर असताना कितीदा तरी लावली होती, पण कधी खरी मानली नव्हती. मंडळींनी भाकरीला कळण्याचं पीठ, ठेचा, शेव असं सगळं बांधून नेलं. तिथली चीज घातलेली मिरचीची भाजी एकदा चाखली, आणि पिठाची पिशवी तशीच जळगावला परत आली.

तिथं पारोच्या बाजारात आमच्यातले कापडवाले शेठ शाली निवडत होते. तेवढ्यात दुकानदार बाई हात जोडून उठली आणि शटर ओढायला लागली. शेजारणीकडे पूजा होती, मदतीला जायचं होतं. "अरे बहनजी, माल तो दे दो!" शेठ ओरडले. "कल आइए," ती म्हणाली आणि खरंच गेली. "हिला जळगावात आठ दिवस बसवा, धंदा शिकेल," शेठ म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो, पण मला आपली गिरणी दिसत होती. ज्वारी-उडदाचं दळण चाललं आहे, डब्यांची रांग दारापर्यंत आली आहे. शेजारच्या शिंप्याला ताप भरल्याचं कोणी तरी सांगतं आणि तुम्ही मोटार बंद करता. मी म्हणतो, "नाना, गिऱ्हाईकं दुसऱ्या गिरणीत जातील." तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, "दळन उद्या बी व्हई. त्याना घर मा आज कोन शे?" आणि पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया घेऊन तसेच निघता. मी डब्यांजवळ फुरंगटून बसलेलो.

परतायच्या आदल्या दिवशी जेवताना गाइडनं सांगितलं की त्यांच्याकडे सुखाची पाहणी होते, तेव्हा घरी येऊन विचारतात, आजारी पडलात तर कोण येईल? मग त्यानं आम्हालाच विचारलं. कोणी सुनेचं नाव घेतलं, कोणी वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांचं. शेठ म्हणाले, "मी शिंकलो तरी अख्खी गल्ली येते, जात नाही हाच त्रास." माझी पाळी आली. मी म्हणालो, "नाना."

"कोण नाना? आपल्या कॉलनीतले?"

मी मान हलवली. पुढे कोणी विचारलं नाही. तुम्ही माझे वडील, आणि तुम्हाला जाऊन कित्येक वर्षं झाली, हे मी सांगितलं नाही.

घरी आल्यावर आक्काला फोन केला आणि म्हणालो, माझ्याकडे राहायला ये. ती म्हणाली, "कसाले? तिकडनं भूत लागीसन उना का तू? इतला वरीस याद नही उनी!"

"एकट्याला करमत नाही गं."

"माले कोठे करमस?" एवढं बोलून तिनं फोन ठेवला. त्यानंतर तिनं उचललाच नाही. भाच्याला मध्ये घातलं ते त्यामुळे.

मागची खोली रिकामी केली आहे. तिला गुडघ्यामुळे खाली बसवत नाही, म्हणून ओट्याजवळ उंच स्टूल ठेवलं आहे. रविवारी धुळ्याच्या सकाळच्या बसनं ती येईल असा अंदाज आहे. मी स्टँडवर जाऊन उभा राहीन. नाना, संबंधित माणसाला स्वतः विचारल्याशिवाय मी आयुष्यात एकही बातमी पुढे सोडली नाही. आज सकाळपासून फोन दोनदा हातात घेतला, आक्काचा नंबर काढला आणि लावला नाही. ती नाही म्हणाली तर, म्हणून.