दंडावरचं निळं बोट

आबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि आज मला तुमचा रागच आलाय. आई अंगणात बाजेवर बसून खोकतीय, मी ओसरीत बसून हे लिहितोय, आणि आम्हा मायलेकांच्या मध्ये तुम्ही ठाण मांडून बसलाय.

आईनं सत्तरी गाठली, वर साखर. यंदा दोनदा सर्दी छातीत उतरली. अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, न्यूमोनियाची लस देऊन टाका. सगळाच न्यूमोनिया त्यानं थांबत नाही, पण जिवावर बेतणारा बराचसा टळतो. या वयात वाट बघत बसू नका. घरी येऊन आईला सांगितलं तर ती उसळलीच, "तुझ्या आबाला टोचलंच हुतं की! तूच घेऊन गेलतास. उन्हाळ्यात टोचलं अन् हिवाळ्यात त्याच रोगानं गेले. मग मला कावून टोचतोस? म्या न्हाई यायची." वस्तीतल्या म्हाताऱ्याही आता तिचंच ऐकून नको म्हणतात. मी बोलणार काय, डोंबल?

कारण तुम्हाला टोचलंच नव्हतं. बिड्यांनी तुमची छाती पार गेलेली, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तुम्हालाही हीच लस सांगितली होती. आपण गेलो तर मेडिकलवाला म्हणाला, "संपलीय, परवा या." दुसऱ्या दिवशी मेंढरांना टोचायला जनावरांचे डॉक्टर येणार होते, त्यासाठी निळ्या रंगाची पुडी घेतली आणि परत फिरलो. फाट्यावर एसटीतून उतरल्यावर तुम्ही म्हणालात, आईला सांग टोचलं म्हणून, नाहीतर उगं डोकं खाईल. मग पुडी फोडून दंडावर निळं बोट ओढलं. टोचलेल्या मेंढराच्या कपाळावर ओढतो ना आपण, एकाला दोनदा नको आणि एकही सुटायला नको म्हणून, तसंच. आई दंड बघून काय हसली होती! "आगं बया, मेंढरांच्या आदी मेंढक्यालाच रंग लागला!"

आणि रंगाच्या बाबतीत तुम्ही किती कडक! त्याच्या कितीतरी वर्षं आधीची गोष्ट, माझं नुकतंच लग्न झालेलं, घरी पळायची घाई. शेवटच्या पाच-सहा मेंढरांना न टोचताच मी बोट ओढून मोकळा झालो. तुम्ही नव्या सुनेदेखत माझं मानगूट धरलंत. "रंगानं मेंढरू जगतंय का बे?" निघालेल्या डॉक्टरांना माघारी बोलावलंत आणि ती सगळी हुडकून टोचून घेतलीत. लाजेनं मला जमीन पोटात घेईना.

दिवाळीनंतर नेतो म्हणालो होतो. नेलं नाही. पौषात तुम्हाला ताप चढला, छाती भात्यासारखी वर-खाली व्हायला लागली. दवाखान्यात तुमच्या तोंडावर ऑक्सिजन, आणि आई येईल त्या नर्सला सांगतीय, "ह्यांना लस दिलीय बाई, ह्यांना काय हुनार न्हाई." मी खाली फरशीकडे बघत उभा. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

आता मी असा अडकलोय. खरं सांगितलं तर आई लस घेईल, पण पुन्हा माझ्या तोंडाकडे बघेल का? नाही सांगितलं तर एखाद्या पौषात तिच्याही उशाशी मी तसाच उभा राहणार. रात्री वाघुरीच्या जाळीत कोंडलेलं मेंढरू सकाळी तरी सुटतं. मी नऊ वर्षं आत आहे. सकाळपासून दोनदा तिच्यापाशी जाऊन बसलो. "काय रं?" म्हणाली. "काई न्हाई," म्हणून उठून आलो.

आबा, वर एक खोटं लिहिलंय. आईला सांग टोचलं म्हणून, असं तुम्ही म्हणालाच नव्हतात. फाट्यावर तुम्ही म्हणालात, "परवा येऊ बे, इसरू नको." पुडी मी फोडली. बोट मी ओढलं. पुन्हा एक खेप नको म्हणून. तुम्ही दंडाकडे बघितलंत, मग माझ्याकडे बघितलंत, आणि बाही खाली ओढलीत. तेव्हा मानगूट का धरलं नाहीत?

आईला सांगायचं ते आधी कागदावर तुमच्या माथी मारून बघत होतो. तुम्ही कुठं नाही म्हणायला येताय. आई हाक मारतीय. कागद खिशात घालून जातो. सांगणार तर आहेच. पण तिच्यासमोर बसल्यावर तोंडातून 'आबांनी' निघतंय का 'मी', ते अजून मलाच ठाऊक नाही.