पियानो म्हणजे हळू

आई, पियानो या शब्दाचा अर्थ मला तू सांगितलास आणि तुला तो स्टेशनजवळच्या बंगल्यातल्या मडमेनं. इंग्रज गेले त्या वर्षी तिचा साहेब रेल्वेची नोकरी सोडून विलायतेला निघाला, तेव्हा तिनं आपला पियानो पांढुर्ण्याच्या मुलींच्या शाळेला देऊन टाकला. तू त्या शाळेत मास्तरीण. बाबा नुकतेच गेलेले, मला घरी ठेवायला कोणी नाही, म्हणून तू जाशील तिथे मी. बंगला रिकामा झालेला, भिंतींवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन. मडमेनं एक पट्टी अगदी हलकेच दाबली. "ये पियानो. मतलब धीरे." मग तीच पट्टी जोरात. "ये फोर्टे. मतलब जोर से." मग झाकण उघडून तिनं आतल्या तारा आणि त्यांच्यावर पडणाऱ्या चिमुकल्या हातोड्या दाखवल्या.

तिच्या मोडक्या हिंदीतून तुला जे उमगलं ते तू मला परतताना सांगितलंस. आधीच्या वाद्यात तारा नुसत्या छेडल्या जायच्या, बोट कसंही दाबा, आवाज एकसारखाच. मग इटलीतल्या एका कारागिरानं हातोड्या बसवल्या आणि बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहानमोठा होऊ लागला. म्हणून नाव पडलं पियानोफोर्टे, हळू आणि जोरात. "मग जोरात कुठं गेलं?" मी विचारलं. "लोकायले लंबं नाव घ्यायचा कंटाळा येते," तू म्हणालीस. "मागचं गळलं, हळू तेवढं राहिलं."

तुझ्या वर्गातल्या एका मुलीच्या बापानं तिगावहून बैलगाडी आणली. खाली कापूस पसरला, तरी प्रत्येक खड्ड्याला पियानो आपोआप वाजतो आहे, बाया दारात येताहेत, आणि तू चाकाशेजारून पदर खोचून चालली आहेस. "बाई, हे काय वाजून राहिलं?" कोणीतरी विचारतं. "शाळेचा बाजा हाय," तू सांगतेस. तुला येत होती फक्त पेटी. पियानोवर प्रार्थना वाजवताना तुझा डावा हात सारखा भाता शोधायचा आणि आम्ही मुली ओठ दाबून हसायचो.

राज्यं नव्यानं आखली गेली त्या वर्षी मी मॅट्रिक झाले. आपलं नागपूर एका राज्यात गेलं आणि पांढुर्णा, सौंसर दुसऱ्या, हिंदी राज्यात राहिले. मामा नागपूरहून आला तो सामान बांधायच्या तयारीनंच. स्वयंपाकघरात पाटावर बसून म्हणाला, "ताई, तू इथं काय करून राहिली? तिकडे माह्या ओळखीच्या शाळेत जागा हाय. इथं पुढं मराठी शाळा राहते का नाही, कोण जाणे."

तू तव्यावरची भाकर उलटलीस. "म्हणूनच तं मले इथं राहावं लागते," तू म्हणालीस. "पण पोरीले घेऊन जा. तिले कॉलेजात घाल."

मी ताट सरकवून उठले. आपली आई परक्या पोरींसाठी आपल्याला लांब करते आहे, एवढंच मला कळत होतं. तू मला परत बोलावलंस आणि दटावलंस, "रागवायचं तं रागव, पण अन्न टाकू नको." मग माझ्या ताटात गरम भाकर वाढलीस. स्वतः मात्र त्या दिवशी जेवली नाहीस.

कॉलेजच्या वाचनालयात मला मोठा शब्दकोश सापडला. पियानो हा शब्द इटालियन, पण त्याचं मूळ लॅटिन, आणि तिथं त्या मुळाचा अर्थ सपाट. दिवाळीत घरात पाय ठेवल्या ठेवल्या मी तुला सांगितलं की मडमेनं अर्धवटच सांगितलं होतं. तू संत्री सोलत होतीस. विचार करून म्हणालीस, "बरोबर तं हाय. खडबडीत रस्त्यानं गाडी वाजते, सपाट रस्त्यानं वाजत नाही. तेच हळू." कोशात हे कुठेच नव्हतं.

पियानोला पुढे वाळवी लागली. तू मात्र निवृत्त होईपर्यंत त्याच वर्गात मराठी शिकवलंस, आणि तुझ्या शाळेतलं मराठी टिकलं. तू गेलीस त्या दिवशी सौंसरहून, लोधीखेड्याहून बसनं बाया आल्या. कोणी शिक्षिका, कोणी आजी झालेल्या. एकीनं माझा हात धरून विचारलं, "तुम्ही बाईची पोरगी ना?" मी हो म्हटलं, आणि त्या गर्दीत मलाच सगळ्यात कमी माहीत होतीस तू, असं वाटलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक लिहून ठेवते. त्या पहिल्या दिवाळीला माझे केस विंचरताना तू मागून विचारलंस, "करमते का वं तिकडे?" मी "नाही करमत" म्हणाले. तुला बरं वाटावं म्हणून. तुझा कंगवा क्षणभर थांबला होता. खरं म्हणजे आई, मला करमत होतं. खूप करमत होतं.